कळलं की सांगायला येईन

“आपलं रगतच वाईट असंल. नायतर एवढ्या लांबून कशाला येतील?”

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर रांगेत बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली. मी टॅबलेट मांडीवर घेऊन समोरच बसले होते. मला स्पष्ट ऐकू आलं, पण मी मान वर केली नाही. न ऐकल्यासारखं करणं मला लहानपणापासून जमतं.

माझ्याबरोबर रक्त काढायला आलेल्या सिस्टरांनीही ऐकलं होतं. सुईचं पाकीट फोडता फोडता त्या थांबल्या. पर्समधून एक लांबट वही काढली आणि त्या बाईला म्हणाल्या, “रक्त वाईट नाही, ताई. वेगळं आहे का, ते ठाऊक नाही. लिहून घेते. कळलं की सांगायला येईन.”

आणि खरंच लिहून घेतलं, नावासकट.

आमचं काम नाशिकच्या एका संशोधन प्रकल्पाचं. रक्तदाब वाढायच्या आधीच रक्तातली काही प्रोटीन्स तशी खूण देतात का, आणि ती खूण सगळ्या समाजांत सारखीच असते का, हे पाहायचं होतं. म्हणून सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं, देवळ्याचे कांदा पिकवणारे, सातपूरचे पाळीवर जाणारे कामगार, असे सगळे आमच्या यादीत होते. रक्त सिस्टर काढायच्या, माहिती मी भरायचे. प्रत्येकाकडे दोनदा जायचं, मध्ये एक वर्ष सोडून. दुसऱ्या वेळी माणसाने हात पुढे केला नाही, तर त्याचं पहिलं रक्तही वाया.

सिस्टरांची उमेदीची वर्षं सातपूरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात गेली होती. रक्तदाब मोजण्याआधी त्यांचा हुकूम ठरलेला असे. “आधी बसा. पाय जमिनीला, हात टेबलावर. पाच मिनिटं बोलायचं नाही.” आणि मग ती पाचही मिनिटं त्या स्वतः बोलत. मुलीचं सासर, गुडघे, मेथीची जुडी केवढ्याला. देवळ्याच्या एका आजोबांनी ओठ दाबून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “बाई, आता वाढलं असंल तर ते तुमच्यामुळं.” सिस्टर इतक्या हसल्या, की पुन्हा पाच मिनिटं थांबावं लागलं. त्या वेळी मात्र दोघंही गप्प बसली.

माझी पहिल्या दिवसाची चूक मी विसरलेले नाही. फॉर्मवरचा प्रश्न मी जसाच्या तसा, रांगेला ऐकू जाईल असा वाचला होता: तुमची जात किंवा जमात? समोर बसलेला सातपूरचा कामगार उठला, हेल्मेट घातलं आणि गेला. सिस्टर रागावल्या नाहीत. परतीच्या जीपमध्ये एवढंच म्हणाल्या, “इंग्रजी शाळेत सगळं मोठ्यानेच वाचायला शिकवतात का गं?” मग थोड्या वेळाने, “उद्यापासून खुर्ची वळवून ठेव. माणसाची पाठ रांगेकडे हवी. आणि का विचारतोय, ते आधी सांग.” दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना त्या स्वतः कंपनीच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. तो माणूस आला.

वहीत असे पुष्कळ प्रश्न होते. बाटलीतलं रक्त शिळं होतं का? मीठ कमी केलं तर भाकरी कशाशी खायची? आईला झटका आला होता, मलाही येणार का? शनिवारी ऑफिसात सिस्टर ते एकेक करून डॉक्टरांना विचारत. मी एम.एस्सी. झालेली, असले प्रश्न विचारलेले ऐकून मलाच लाज वाटे. एकदा मोठ्या डॉक्टरांनी एका प्रश्नावर बराच वेळ इंग्रजीत समजावलं. सिस्टरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे ठाऊक नाही. तसं लिहू?”

डॉक्टर हसले. म्हणाले, “लिहा.”

माझ्या शाळेत उत्तर येत नसलं की आम्ही खाली बघायचो. उत्तर येत नाही हे सांगण्यासाठी वर बघता येतं, हे मला तिशीच्या तोंडावर कळलं.

गेल्या वर्षी सिस्टरांनी काम सोडलं. एका शिरेच्या दोन दिसायला लागल्या होत्या. “दुसऱ्याच्या हातावर अंदाज नको,” म्हणाल्या आणि मुलीकडे इगतपुरीला गेल्या. जाताना वही माझ्याकडे दिली. कारण विचारलं, तर म्हणे तुझं अक्षर बरं आहे.

या हिवाळ्यात पुन्हा तोच पाडा, तोच ओटा. रक्त काढायला नवा माणूस. रगत वाईट म्हणणारी ती बाई आली होती, पण रांगेत बसली नाही, दाराशी उभी राहिली. मागच्या वेळी तिचा दाब बराच वाढलेला निघाला होता. सिस्टरांनी तिला आरोग्य केंद्रात नेऊन गोळ्या सुरू करून दिल्या होत्या, त्या ती घेत होती. हात मात्र पदरात गुंडाळलेले.

“त्या बाई नाय आल्या,” ती म्हणाली. “सांगायला येते म्हनल्या होत्या.”

रांग तिच्याकडे बघू लागली, मग माझ्याकडे. दोघीतिघी निघायला उठून उभ्या राहिल्या. मी वही उघडली. तिच्या नावापुढे प्रश्न होता, उत्तराची जागा कोरी. खाली बघायला ती जागा फार सोयीची होती.

मी उठले आणि खुर्ची वळवली.

“सिस्टरांना आता नीट दिसत नाही, म्हणून मी आले,” मी म्हणाले. “तुमचं उत्तर अजून आम्हाला ठाऊक नाही. कळलं की सांगायला मी येईन.”

बाई दारातून पुढे आली. खुर्चीवर बसली. पदरातून एक हात काढून तिने टेबलावर ठेवला.  मी समोर बसले.

“पाय जमिनीला, ताई. पाच मिनिटं बोलायचं नाही. मी बोलते.”