नऊ धावा आणि एक ओव्हर

तारापूरच्या कारखान्यातला रुसलेला बॉयलर मी नुसते डोळे वटारून चालू केलेला आहे. साक्षीदार हवा असेल तर बॉयलरलाच विचारा. बोईसरच्या अर्ध्या कामगारांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. उरलेले अर्धे मला अजून सापडायचे आहेत. विश्वास ठेवला नाही तो फक्त बायकोने. ती समुद्रकाठच्या दांडी गावची, मी साताऱ्याकडचा. "खोटं बोलताना तुमी कान खाजवता," म्हणायची, आणि माझा हात नेमका तिथेच असायचा. ही बातमी तिने माहेरीही पोचवली होती.

माझी सेकंड शिफ्ट असली की ती टीव्हीला जोडलेल्या गेमवर क्रिकेट खेळायची. त्यात तिने माझ्या तोंडवळ्याचा एक फलंदाज बनवला होता, पोटासकट, आणि त्याला अकराव्या नंबरवर ठेवलं होतं. "तुमच्यावर पाळी येऊच नये, एवढीच देवाकडे मागणी हाय."

शेवटच्या मॅचमध्ये पाळी आली. नऊ धावा हव्यात, एक ओव्हर उरलीय, एकच विकेट हातात, आणि समोर मी, पोट सावरत उभा. तेवढ्यात तिला पालघरच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा आली. तिने मॅच सेव्ह केली. "येऊन मारते. हात लावू नका."

ती आली नाही. मी वर्षभर हात लावला नाही.

वर्षश्राद्धाला सासूबाई दांडीहून आल्या. जेवणं उरकली, माणसं पांगली, तशा त्या टीव्हीसमोर येऊन बसल्या. "जावईबापू, तिची ती मॅच लावा. फोनवर बोललेली मला, आई, नऊच रन हवेत. मला बघायचीय."

लावली. यादीत तिची मॅच दिसत होती. ती निवडली की एक पांढरं चक्र फिरायचं, फिरतच राहायचं, आणि मग पडदा काळा.

"बिघडला काय?"

"बिघडतोय कसला! अहो, ज्या माणसाने बॉयलर..."

"बॉयलर राहू द्या."

आमच्या कारखान्यांच्या हवेत देवाची चांदीची निरांजनं आठवड्यात काळी पडतात, तिथे या डब्याची काय कथा. मी बाह्या सरसावल्या. वायरींची टोकं स्पिरिटने पुसली. जाळीतून एवढी धूळ काढली की तिच्यात वांगी लावता आली असती. सीडी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. प्लग बदलला, सगळं बंद करून थंड होऊ दिलं, पुन्हा लावलं. दर वेळी यादीत तिची मॅच, आणि दर वेळी तेच चक्र. सासूबाई शेवटी चहा टाकायला आत गेल्या.

तेव्हा पडद्यावर अक्षरं आली. सेव्ह केलेली फाइल खराब आहे. काढून टाकून पुढे जायचं का?

वीस वर्षं मी कारखान्यात केमिकलच्या रिअ‍ॅक्टरवर काढली. बॅच बिघडली की रिअ‍ॅक्टर रिकामा करायचा, धुवायचा, मगच नवा माल चढवायचा. त्यात विचार करायचा नसतो. माझ्या हाताने विचार केला नाही. हो दाबलं.

गेम चुटकीसरशी सुरू झाला. वाजतगाजत, हिरवंगार मैदान घेऊन. यादी कोरी. संघात अकरा देखणे, सडपातळ अनोळखी. पोटवाला कुठेच नव्हता.

आवाज ऐकून सासूबाई दोन कप घेऊन लगबगीने आल्या. "लागला? मारले काय तिनं?"

"मारले की!" मी म्हणालो. "तुम्ही आत होतात ना, तेवढ्यात झालं. तीन बॉल हुकले. मग चौका. मग एक गेला हुकून. शेवटच्या बॉलला सिक्सर!"

"बॉल कुठं गेला?"

"दांडीच्या समुद्रात. होड्या शोधायला गेल्यात."

त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवले, माझा हात कानावरून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"माजी पोर जिंकली," त्या म्हणाल्या. "चा घ्या. गरम हाय."