न लुकलुकणारा पडदा

नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचं पाकीट फोडलं की एक गरम, तिखट वास येतो आणि मला नव्वदच्या दशकाच्या शेवटची एक दुपार आठवते. बायको घरी संगणकावर लग्नपत्रिका तयार करायची आणि महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. मी चौकशी केली. आमच्या स्वस्तातल्या संगणकाचा पडदा सेकंदाला साठ वेळा लुकलुकत होता. चांगलं ग्राफिक्स कार्ड घातलं तर तो पंच्याऐंशीवर जाणार होता, म्हणजे डोळ्यांना त्रास नाही. कारण सापडलं म्हणून मी निश्चिंत झालो. एस. पी. रोडवरच्या संगणक-बाजारातला कानडी दुकानदार म्हणाला, "स्वल्प जास्त पैसे घाला अण्णा, गेमपण पळतील." "खेळायचं नाही, अक्षरं स्थिर हवीत," म्हणत मी साधंच कार्ड घेतलं. घरी ती कुंकवाची डबी घेऊन आली. "कार्डाला नको, बिघडेल," मी म्हणालो. "मग खोक्याला लावते. त्याला तरी चालेल ना?" कार्ड बसवलं, सेटिंग बदललं, आणि पडदा छापील कागदासारखा स्थिर झाला. "सरी, बरोबर झालं बघा," ती म्हणाली, "अक्षर जरासुद्धा हलत नाही." मग तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं. मी सेटिंग पुन्हा तपासलं. पंच्याऐंशीच होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही. ती कशाने गेली असं आता कुणी विचारलं तर मी आजाराचं नाव सांगतो. ती दुपार सांगत नाही.