पाच आवाजांतले काका

ओहायोतल्या डब्लिनमध्ये, भर चर्चमध्ये, गाणं चालू असताना मी मांडीवर थाप मारून मोठ्यानं 'क्या बात है' म्हणालो. दोष माझाच. पण मला तिथं नेणारे आमचे शेजारचे काका म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडमधलं भक्तिसंगीत सावजी रश्श्याइतकं स्वतःचं समजणारे जगातले एकमेव नागपूरकर.

दिवसा ते डेटाबेस सांभाळत आणि मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदात खर्ज लावत. भाषा लॅटिन, वाद्य एकही नाही, आणि पाच आवाज एकाच वेळी पाच निराळ्या चालींनी निघणार. एकेका अक्षरावर इतकं रेंगाळायचं, की शब्द पुरा होईतो गॅसवरची भाजी करपायची. कारण तिच्यावर लक्ष ठेवायचं काम काकूंनी मोठ्या विश्वासानं त्यांच्याकडे दिलेलं असायचं. सिग्नल हिरवा झाला तरी ओळ संपल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. गणपतीच्या आरतीतसुद्धा सगळ्यांच्या खाली आपली वेगळीच चाल धरायचे. पोरं आयांना हळूच विचारायची, "इज अंकल ओके?" काकांचं म्हणणं एवढंच, की मी तुमची चाल मोडत नाही, तिला सोबत देतो.

मग त्यांचं प्रोजेक्ट बंद झालं, व्हिसा संपत आला आणि नागपूरची तिकिटं निघाली. निघण्याआधीच्या शेवटच्या रविवारी, बाकीचे सगळे थांबतात आणि दोघंच गातात असा एक तुकडा काकांना मिळाला. इतकी वर्षं ते याचीच वाट बघत होते. मी लहानपणी थोडाफार तबला बडवलेला माणूस. पहिल्या रांगेत बसून सम शोधत होतो. काका असं काही गायले की मी खरोखर विरघळलो. दोघं एका सुरावर येऊन थांबले, क्षणभर शांतता पसरली, आणि मला सम सापडली.

पुढची ओळ सगळ्यांनी मिळून उचलायची होती. काका माझ्याकडेच बघत राहिले. वृंद त्यांच्याशिवाय पुढे गेला आणि त्यांना वाट सापडेपर्यंत बरंच गाणं सरलं होतं.

पार्किंगमध्ये मी सॉरी सॉरी करत त्यांच्यामागे धावलो. काका किल्ली चाचपत म्हणाले, "याच्यात सम नसते रे बाबा. पण या गाण्याला दाद मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली."

नागपुरात त्यांना सगळं मिळालं, फक्त उरलेले चार आवाज मिळाले नाहीत. हे गाणं एकट्यानं गाता येत नाही. म्हणून हल्ली शनिवारी सकाळी मी कॉलिंग कार्डावरून फोन लावतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. काका मला एकच सूर धरायला सांगतात आणि त्यावर आपली ओळ गातात. फोनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे आम्ही कधीच एकत्र नसतो, पण काका म्हणतात, चालतं. परवा मी असाच डोळे मिटून, जीव ओतून सूर धरला होता. पलीकडचा आवाज कधी थांबला ते कळलंच नाही. बऱ्याच वेळानं फोनवर काकू आल्या.

"हे तर केव्हाचे जेवायला बसले. तू कोणासाठी हंबरून राहिला रे?"