दोघींत एक पाकीट

सोमवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी सांगितलं, की सुमनच्या दोन्ही किडन्या बंद पडत आल्या आहेत.

सुमन माझी पत्नी. रत्नागिरीबाहेरच्या एका काजू कारखान्यात ती गरांची सालं काढायची. मजुरी किलोवर. मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय दुपारी चारला उघडतं. घर तिच्या मजुरीवर चालायचं. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले.

आधी तिचे पाय सुजले. दिवसभर बसून होत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. मग घराकडची घाटी चढताना दम लागू लागला, सकाळी उलट्या होऊ लागल्या. तेव्हा रक्त तपासलं.

क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. तो एकच्या आसपास असावा लागतो. सुमनचा नऊच्या वर गेला होता.

"बीपीची गोळी रोज घेत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्धी," सुमन म्हणाली.

"अर्धी कोणी सांगितली?"

"कोणी नाय."

बीपी वर राहिलं की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत. मी खुर्चीत बसून ऐकत होतो.

बाकीचं मला तिने घरी आल्यावर सांगितलं.

शेजारच्या शकूवहिनी तिच्याच कारखान्यात. दोघींनाही बीपी, दोघींना एकच गोळी. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण रांगेत अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. गॅस, तेल, डाळ सगळं वाढत गेलं, किलोचा दर मात्र तिथेच राहिला. दिवस बुडवणं परवडेना, म्हणून दोघी मेडिकलमधून गोळी आणू लागल्या. पुढे तेही जड झालं.

मासळी महाग झाली तेव्हापासून दारावरच्या कोळणीकडून दोघी मिळून एकच वाटा घ्यायच्या आणि आमच्या पायरीवर निम्मा निम्मा करायच्या.

"सुमन, मोठा बांगडा तुझ्याकडे गेला हां!"

"मग डोकी तू घे सगळी. तुला गरज आहे."

मी आत वाचत बसलेला असायचो, हसायचो. त्याच पायरीवर त्या गोळ्यांचं पाकीटही निम्मं करू लागल्या. पाच तिला, पाच हिला, आणि रोज अर्धी. दहा दिवसांचं पाकीट दोघींना दहा दिवस पुरायचं. औषधाचा खर्च कमी झाल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. मला बरं वाटलं होतं. मी विचारलं नाही.

डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम यंत्राने करणं. शरीरातलं रक्त बाहेर काढून, गाळून पुन्हा आत सोडतात. चार तास लागतात. सरकारी योजनेतून ते फुकट झालं. पण रिक्षा, रक्त वाढवायची इंजेक्शनं आणि तिची बंद झालेली मजुरी योजनेत नव्हती. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच बसलेले असत. कोणी गाय विकून आलेलं, कोणी मुलाला कॉलेजातून काढून. आम्ही एकमेकांना रिक्षाचं भाडं विचारायचो. दुसरं काही विचारण्यासारखं नव्हतं.

"या मशीनला पुरं रक्त लागतं हो," सुमन एकदा नर्सला म्हणाली. "अर्ध्यावर भागत नाय त्याचं." नर्स हसली. सुमनही हसली.

डॉक्टरांनी डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा करायला सांगितलं होतं. आम्हाला दोनदा जमायचं. पाचव्या महिन्यात तिच्या फुफ्फुसांत पाणी भरलं. दोन दिवस ती ऑक्सिजनवर होती. मास्क बाजूला करून म्हणाली, "अहो, शकूला सांगा, पुरी गोळी घे म्हणावं." तिसऱ्या दिवशी ती गेली.

तुमच्या घरात औषधाचं पाकीट जास्त दिवस पुरू लागलं, तर समाधान मानू नका. विचारा.

तेराव्यानंतर मी शकूवहिनींना निरोप सांगितला. त्या रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "भावोजी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? अजून अर्धीच घेतेय. आता पाकीट कारखान्यातल्या दुसरीबरोबर वाटून घेते. पुरी घेऊ तर तेल कुठलं आणू?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा केसपेपर मागून घेतला आणि सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, तीन महिन्यांतून एकदा पेशंटने यायचं, बीपी तपासायचं. एरवी ओळखीचं कोणीही गोळ्या नेऊ शकतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून तसंच आहे, काका."

आता दर महिन्याला मी वहिनींच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा राहतो. त्या पुरी गोळी घेतात. वाचनालय चारला उघडतं, त्यामुळे सकाळी मला वेळ असतो. तेव्हाही होता.