हिंडून-फिरून

आमच्या भिलाईतल्या मराठी घरांत तब्येतीचं एकच माप. "बाबा कसे आहेत?" विचारलं, की उत्तर येते, "हिंडून-फिरून आहेत." ताप असो की खोकला, माणूस खाटेवरून उठून स्टील प्लांटच्या ड्यूटीवर गेला, म्हणजे बरा. लोळला तोच बिमार. हा शब्द आता ऐकला, की माझं डोकं फिरते.

मी फौजेत हवालदार होतो, बर्फातल्या चौकीवर. आमच्या वरच्या पोस्टचा कमांडर लान्स नायक रमेश. तोही भिलाईचाच; तो सेक्टर दहाचा, मी कॅम्प-वनचा. रेडिओवर बोलणं हिंदीत. पण सकाळचा रिपोर्ट झाला, की मी विचारायचो, "कसा आहेस बे?"

"हिंडून-फिरून, भाऊ!"

मग तुफान आलं. हेलिकॉप्टर बंद. त्या सकाळी तेच उत्तर आलं, पण मागून खोकला आला अन् छातीतून गुडगुड. एवढ्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरलं, की असा आवाज येते. मग ऑक्सिजन द्यायचा, निजवायचं, लवकर खाली न्यायचं. मेहनत केली, की संपलं.

"रमेश, काय करून राहिला?"

"बेलच्यानं बर्फ काढून राहिलो."

"बेलचा फेक. बस. ऑर्डर आहे. ओवर."

"कायले? हिंडून-फिरून आहो न मी! लोळलो त मले खाली धाडशील."

"अबे, मरशील!"

नुसती खरखर.

नर्सिंग असिस्टंट अन् सिलिंडर घेऊन दोर बांधून निघालो. वाऱ्यात समोरचा माणूस दिसेना. वाटेत रेडिओवर विचारलं, "बसला का?"

"बसलो, भाऊ."

खोटं बोलला साला. पोहोचलो तेव्हा बंकरच्या दारात उभा होता. ओठ निळे, हातात बेलचा. त्याचे जवान सांगून थकले होते. आमच्यासाठी त्यानं दारापासून पायवाट मोकळी केली होती.

"आता त लोळ," मी म्हणलं.

लोळला. मास्क लावला, हात धरून बसलो. दुपारी तो गेला. मी पोरांसमोर रडलो. आभाळ त्यानंतर उघडलं.

सुट्टीत सेक्टर दहाच्या क्वार्टरवर गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं अन् एकच विचारलं, "खाटेवर पडून होता का रे? लय भोगलं का त्यानं?"

"नाही, काकू. शेवटपर्यंत हिंडून-फिरून होता."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"मंग बरा होता म्हणजे."

"हो, काकू," मी म्हणलं.