गण कोण म्हणणार?

माझी पुतणी रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवते, हे मी महाडात कुणाला सांगत नसे. शाळेतल्या स्टाफरूममध्ये कुणी विचारलंच तर ‘मुंबईला असते, संगीतात आहे’ एवढ्यावर भागवायचो. संगीतात आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तंबोरा येतो, आणि तो येऊ द्यावा अशा मताचा मी आहे.

तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या कापडे गावात भातशेती करतो. गावच्या नाचाच्या पार्टीचा तो शाहीर. त्याच्या आवाजावर माणसं डोंगर उतरून यायची. पोरीचं वाजवणं मात्र त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. विषय निघाला की ‘डबे बडवतात’ म्हणून बैलांना पेंढा टाकायला उठायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा बँड गोव्याला दौऱ्यावर निघाला होता. मधला एक दिवस मोकळा होता. पुतणीचा फोन आला, “काका, तिकडे एक कार्यक्रम लावून द्या. दुसरं कोणी नाही आलं तरी चालेल. बाबा शेवटपर्यंत बसले पाहिजेत.”

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, “येईन. एक गाणं ऐकीन नि उठीन. मना गुरां बांधायची हायत.”

महाडात ठरवलेला हॉल ऐन वेळी मालकाच्याच मुलीच्या साखरपुड्याला गेला. मी मालकाला चार शब्द सुनावले आणि त्याने मला साखरपुड्याचं आमंत्रण दिलं. शेवटी कार्यक्रम कापड्यालाच, देवळासमोरच्या मांडवात घ्यायचं ठरलं. म्हणजे दादाला घरापासून चार पावलं. उठून जायलाही चारच, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

बँड वीर स्टेशनला उतरला. दोन मुलगे, दोन मुली, आणि सामान एवढं की कुणी घर बदलत असावं. रिक्षावाल्याने मोठा ड्रम मांडीवर घेतलेल्या मुलाकडे बघून विचारलं, “बेंजो पार्टी काय? लगीन कोनाचा हाय?” मी तत्त्वाचा माणूस, त्याला रॉक संगीत समजावू लागलो. वाटेतलं दासगाव येईपर्यंत समजावलं. कापड्याला उतरताना त्याने त्या मुलांकडून हळदीच्या तारखा मोकळ्या आहेत का ते विचारून घेतलं.

संध्याकाळी मांडव भरला. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गणपतीचा गण म्हटल्याशिवाय आमच्याकडे मांडवात काहीच सुरू होत नाही. आणि ज्याने गण म्हटला, तो कार्यक्रम संपेपर्यंत जागचा हलत नाही. देवाला बोलावून आपणच निघून जायचं, हे बरं दिसत नाही.

मुलांनी आवाज तपासायला घेतला. गिटारवाल्याने एक तार छेडून नुसती घुमत ठेवली. पुढच्या रांगेतल्या बायांना वाटलं, गण सुरू झाला. त्यांनी हात जोडले. त्यांचं बघून सगळ्या मांडवाने जोडले. मग गाणारा मुलगा माइकमध्ये “चेक, चेक” करत राहिला आणि गाव डोळे मिटून ऐकत राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामागे एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, “गन जरा लांबलाच.”

तपासणी संपली आणि मुलांनी एकदम गाणंच सुरू केलं. तेच आजोबा काठी टेकत उभे राहिले. “थांबा रे. मगाशीचा गन नव्हता काय? मंग गन कुठं हाय?”

बँड थांबला. पुतणी माइकपाशी आली आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, “आम्हाला गण येत नाही हो. कोणी म्हणेल का?”

सगळ्या माना दादाकडे वळल्या. तो मांडवाच्या कडेला होता, एक चप्पल पायात घालून झालेली. त्याने पोरीकडे पाहिलं, चप्पल काढली आणि वर गेला.

काय गायला तो. ड्रमवाली पोरगी आधी चाचपडली, मग तिला ठेका सापडला. गण संपल्यावर सरपंचांनी दादासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मागवली आणि कौतुकाने नेमकी मोठ्या स्पीकरला चिकटून मांडली. पहिल्याच ठोक्याला त्याची टोपी सरकली. दुसऱ्या गाण्यात त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिसऱ्या गाण्यापासून टोपी खिशात आणि हात मांडीवर ठेका धरून. गाणारा मुलगा किंचाळू लागला तेव्हा माझी वहिनी घाबरून काढा घेऊन स्टेजवर चढली. पोरगा गाणं न थांबवता काढा प्यायला, त्याला सगळ्यात मोठी टाळी पडली.

दादा शेवटपर्यंत बसला. गुरं त्या दिवशी शेजाऱ्याने बांधली.

सामान आवरताना मी पुतणीला बाजूला घेतलं. “तुला गण येत नाही? अगं, लहानपणी झोपेतसुद्धा म्हणायचीस.”

“येतो की,” ती म्हणाली आणि वायर गुंडाळू लागली. मला तिचं फार कौतुक वाटलं. एवढ्या खमक्या माणसाला तिने कसं गुंडाळलं, हे सकाळी दादाला सांगून त्याची फजिती बघायची, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

सकाळी बँडची रिक्षा वीरच्या वाटेला लागली. दादा ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा होता. मी मोठ्या खुशीत त्याला म्हटलं, “दादा, तिला गण येतो बरं का.”

“मना सांगतोस व्हय?” तो म्हणाला. “मीच शिकवलाय तो तिला. पन बसायला कायतरी कारन नको काय रे?”