माझ्याकडे न उघडलेली फाईल

लातूरला कोर्टाच्या मागं माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या आणि वर्षश्राद्धाच्या पत्रिका करतो. कॉम्प्युटरवर फारसं कुणी वापरत नाही अशी फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर येतात-जातात, पण व्हायरस काही लागला नाही. शेजारचे दुकानदार उठसूट फॉरमॅट मारायचे आणि मी त्यांना चिडवायचो. त्यातला एक म्हणाला, "तुमची सिस्टीम वापरतंय कोन? खिसेकापू बाजाराच्या दिवशी येतो. मोकळ्या मैदानात येऊन काय करील?" मला राग आला. माझ्या शहाणपणाला त्यानं नशीब म्हटलं होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, औशाला असते. दाजी जाऊन वर्ष होत आलं होतं. ते लग्नांत माईकवर बोलायचे. पंचक्रोशीत लग्न ठरलं की लोक आधी त्यांची तारीख विचारायचे. त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, आक्काच्या कॉम्प्युटरवर. तिची सिस्टीम चारचौघांची. दुपारी भांडी आवरली की ती ते लावून बसायची. त्याची कॉपी काढून ठेवू म्हणणारा मीच, आणि न काढणाराही मीच.

वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी एका फोटोवाल्याकडून दाजींचे फोटो आणले. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये 'फोटो नवीन' नावाची एक फाईल होती. क्लिक केलं, उघडली नाही. दोनदा केलं. खराब असेल म्हणून सोडून दिली, आणि पुसायचा कंटाळा केला. सगळं आहे तसं आक्काच्या पेनड्राइव्हवर टाकून दिलं.

तिच्याकडे ती फाईल उघडली.

आक्काचा फोन आला म्हणून औशाला पोचलो तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. फाइलींची नावं बदललेली, एकही उघडत नव्हती, दाजींच्या आवाजाचीसुद्धा. कॉम्प्युटरचा डबा लातूरला आणून तीन जणांना दाखवला. तिघांनीही नकारार्थी मान हलवली. शेजारी खरं बोलला होता. माझ्या कॉम्प्युटरनं तो व्हायरस अडवला नव्हता. तो माझ्यासारख्यांसाठी लिहिलेलाच नव्हता. मी नुसता तो औशाला नेऊन दिला.

आक्काला हे सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती, हात थांबला नाही.

"तुज्या कॉम्प्युटरला काय झालं का?"

"काही नाही."

"बरं."

मग निवडलेले गहू बाजूला सारत म्हणाली, "तू लई लग्नांत हुतास की त्यांच्यासंगं. कसं म्हनायचे, म्हन बरं."

मी घसा साफ केला. "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन स्टेजकडं यावं. वऱ्हाडी मंडळींनी जागा धरून बसावं."

तिनं ताटातला एक खडा बाजूला टाकला.

"न्हाई," ती म्हणाली. "तसं न्हाई."